रोल नंबर तीन

३ जानेवारी, शनिवार

आज शेडचं कुलूप उघडलं. आजोबा गेले त्याला मार्चमध्ये वर्ष होईल, आणि तेव्हापासून त्या कुलुपाला कोणी हात लावला नव्हता. आत्या म्हणायची, "राहू दे गं, गाडी काय खायला मागतेय?" मागत नव्हती. पण चष्म्याच्या दुकानातून काम संपवून घरी येताना रोज शेडपाशी माझ्या घशात आवंढा यायचा. आज तो गिळला आणि किल्ली फिरवली.

गाडी होती तशीच आहे. काळी, बोजड, पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे बाहेर आलेले. शाळेतून निवृत्त झाल्यावर आजोबांनी ती एका वखारीतून आणली, तेव्हा सांगाडा आणि इंजिन सोडून तिच्यात काही नव्हतं. इतक्या जुन्या गाडीचे सुटे भाग मिळत नसत, मिळाले तर परवडत नसत. मग शाळेनं टाकून दिलेलं जे हाताला लागेल ते त्यांनी गाडीला बसवलं. गिअरच्या दांड्याला डस्टरच्या लाकडाची मूठ. दाराला वर्गातल्या कपाटाची कडी. सीटना भिंतीवरच्या जुन्या नकाशांचं कापड, कारण आजोबा भूगोलाचे मास्तर. मी नेहमी महासागरावर बसायचे, आत्याच्या वाट्याला वाळवंट. मागचं दाखवणारा आरसा प्रयोगशाळेतला होता आणि त्यात लांबचं सगळं उलटं दिसायचं. आजोबा म्हणायचे, "वर्गाकडे पाठ केली की मागे काय उलटंपालटं होतं ते मास्तरला माहीतच असतं."

भोंग्याच्या जागी टपावर शाळेची पितळी घंटा आहे, दोरी चालकाच्या खिडकीपाशी. निघण्याआधी हजेरी व्हायची. एक टोला: "रोल नंबर एक?" आत्या म्हणायची, "हजर." दुसरा टोला: "रोल नंबर दोन?" मी बेंबीच्या देठापासून ओरडायचे, "हजर!" तिसरा टोला: "रोल नंबर तीन?" आणि आजोबा किल्ली फिरवायचे. तीन नंबर म्हणजे गाडी. ती बहुतेक वेळा गैरहजर असायची. मग खाली उतरून, बॉनेट उघडून, "काय गं, आजही गृहपाठ नाही?"

आईबाबा मी पाळण्यात असतानाच गेले. ते आठवत नाहीत, त्यामुळे त्यांचं दुःखही होत नाही. आजोबा मात्र इतके आठवतात की छाती दुखते.

एक मार्चला जुन्या गाड्यांची मिरवणूक आहे. दरवर्षी आजोबा अर्ज करायचे आणि दरवर्षी मंडळाचे सचिव तो परत पाठवायचे: गाडी मूळ स्वरूपात नाही. आजोबा म्हणायचे, "मूळची कशाला? आपली हवी." पण मिरवणुकीच्या दिवशी कडक इस्त्रीचा कोट घालून फुटपाथवर उभे राहायचे, आणि दुसऱ्यांच्या गाड्या जाताना हात अर्धाच वर करायचे. पूर्ण नाही. शेजारी उभी राहून ते पाहणं मला सहन व्हायचं नाही.

यंदा त्यांची गाडी मिरवणुकीत जाणार. मूळ भाग मिळवून जाणार. मी ठरवलंय.

(ही वही मी भरेपर्यंत मागे उलटून वाचणार नाही. आजोबांचाच नियम: पेपर पूर्ण होईपर्यंत मागचं पान खोडायला जायचं नाही.)

८ जानेवारी

मिस्त्री येऊन गाडी गॅरेजला ओढून घेऊन गेला. शाळेत आजोबांनी त्याचं नाव लेटलतीफ ठेवलं होतं आणि गावभर तेच चाललं, गॅरेजच्या पाटीवरही तेच आहे. मी मजुरीचा विषय काढला तर कानांना हात लावले. "ताई, मास्तरांच्या गाडीची मजुरी घेऊ? नरकातही जागा मिळायची नाही मला!" मग हसत सांगितलं, "रोज उशीर, रोज वर्गाबाहेर. पण मास्तर त्या दिवशी मोठ्यांदा शिकवायचे. मला बाहेर ऐकू यावं म्हणून. सगळ्या नद्या मी दारातच शिकलो."

घरी येऊन मी हे आत्याला सांगितलं. दोघी हसलो, मग दोघी रडलो, मग चहा केला. आत्याला बेत फारसा आवडलेला नाही. "अण्णांनी लावलेलं काढून टाकणार?" म्हणाली. ती आजोबांना, म्हणजे तिच्या वडिलांना, अण्णा म्हणते. मी म्हटलं, "त्यांच्यासाठीच ना!" गप्प बसली. तिचं गप्प बसणं म्हणजे होकार नसतो, पण मी तो होकारच धरला.

१६ जानेवारी

मूठ आणि दाराची कडी बदलली. एका मोडीत काढलेल्या गाडीचे भाग लेटलतीफला मिळाले. नवी मूठ गुळगुळीत, काळी, छान दिसते. डस्टरची मूठ त्यानं शेगडीत टाकली होती, मी पोहोचेपर्यंत निम्मी जळली होती. "लाकूडच ना ताई," म्हणाला.

जेवताना एक विचित्र गोष्ट झाली. मी आत्याला सांगत होते, आजोबा माझा हात मुठीवर ठेवून वर आपला हात ठेवायचे आणि गिअर टाकायचे. सांगता सांगता अडले. त्यांचा हात कसा होता? खरखरीत? गार? बोटं लांब की आखूड? काही केल्या समोर येईना. रोज धरलेला हात! आत्या म्हणाली, "खडूनं भेगा पडलेल्या असायच्या गं, हिवाळ्यात मीच मलम लावायचे." असेल. ती सांगते म्हणजे असेलच.

दमलेय. दुकानात आज गर्दी होती, सगळ्या गावाला एकदमच दिसेनासं झालंय.

२३ जानेवारी

आरसा बदलला. आता मागचं सरळ दिसतं. मुळात मागचं उलटं दाखवणारा आरसा गाडीला कोण लावतं? मी लेटलतीफला म्हटलं आणि दोघं खूप हसलो.

आणि आज शेडपाशी आवंढा आला नाही. शेड रिकामी आहे म्हणून असेल. रात्री झोपही गाढ लागते हल्ली. गेलं वर्षभर उशी ओली व्हायची, आता सकाळी कोरडी. माझं मलाच बरं वाटतंय. गाडीच्या कामानं मन हलकं होतंय, दुसरं काय.

३१ जानेवारी, शनिवार

आत्याशी कडाक्याचं भांडण. गॅरेजमध्ये, चारचौघांत. सीटची जुनी कापडं उचकटून कोपऱ्यात टाकली होती. आत्या डबा घेऊन आली होती, तिनं ती पाहिली आणि डबा तिथेच खाली ठेवून कापडांवर जाऊन बसली. खरंच बसली, तेलकट फरशीवर, पासष्ट उलटलेली बाई.

"ही मी नेणार."

"आत्या, वास येतोय त्याला."

"येऊ दे. माझ्या बापाचा येतोय."

लेटलतीफ मान खाली घालून पाने-पक्कड पुसत राहिला. मला लाज वाटली. घरी तिनं ती धुतली, वाळवंटाचा आणि महासागराचा तुकडा जोडून उशीचा अभ्रा शिवला. आता त्यावरच डोकं ठेवून झोपते. वय झालं की माणसं वस्तूंना धरून बसतात.

नवी चामड्याची सीट मात्र झकास. मास्तरांना आवडली असती.

६ फेब्रुवारी

गाडीच्या पुढच्या कप्प्यात एक चष्मा सापडला. जाड काळी फ्रेम, एका बाजूनं वाकलेली. दुकानात नेऊन नंबर तपासला आणि चाटच पडले. उजवी काच साधी, पण डावी इतकी जाड की असा नंबर माझ्या हातून एकदाच गेला असता. आणि गेला असता तर तो मी जन्मात विसरले नसते. चेहरा विसरेन, नाव विसरेन, नंबर नाही, हे सगळ्या दुकानाला ठाऊक आहे. डावी काच घासण्याची पद्धतही माझीच वाटते, कडेला मी देते तसा उतार. कोणीतरी माझी नक्कल करतंय वाटतं!

चष्मा दुकानाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय. कोणी शोधत आलं तर देईन.

लेटलतीफनं आज मजुरीचं बिल दिलं. मी म्हटलं, "अहो, तुम्ही तर घेणार नव्हता?" तो गोंधळला. "असं कधी म्हणालो, ताई? गॅरेज चालवायचंय मला." मग मीही आठवायला लागले. का घेणार नव्हता बरं?

१२ फेब्रुवारी

हे आजच लिहायला हवं.

दुपारी आत्यानं मला समोर बसवलं. हॉलमधला फोटो भिंतीवरून काढून टेबलावर ठेवला. "हे कोण?"

"आजोबा," मी म्हटलं. उत्तर आलं, पण पाठ केलेलं आल्यासारखं.

"काय शिकवायचे?"

"गणित."

आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी घाईनं म्हटलं, "इतिहास?" तिनं फक्त मान हलवली.

मग ती हळू आवाजात बोलली. मी तिचे शब्द जसेच्या तसे लिहितेय, कारण उद्या मला ते पटतील की नाही सांगता येत नाही. "तू तिकडे एकेक वस्तू काढतेस आणि इकडे घरातून अण्णा कमी होतायत. मिस्त्रीला विचारलं मी. त्याला त्याचे मास्तर आठवत नाहीत. गॅरेजच्या पाटीवरचं नाव कोणी ठेवलं ते माहीत नाही. शेजारीण विचारत होती, तुमच्याकडे फोटो कोणाचा? मला आठवतंय ते मी त्या कापडावर डोकं ठेवते म्हणून. सकाळी उठते तेव्हा आहेत. संध्याकाळपर्यंत पुसट होतात."

मी हसणार होते. हसू आलं नाही. फोटोतल्या माणसाकडे पाहून रडायचा प्रयत्न केला, तेही येईना. ज्या माणसासाठी वर्षभर उशी ओली केली त्याच्यासाठी डोळ्यात टिपूस नाही. ही कसली भीती आहे ती शब्दांत मांडता येत नाही. आईबाबांसारखे तेही जाणार. दुःखासकट.

आणि खरं लिहायचं तर मनाच्या एका कोपऱ्यातून आवाज येतो: जाऊ दे की. किती हलकं वाटतंय. त्या आवाजाची मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

गाडीवर जुनं आता एकच उरलंय, घंटा. "ती तरी राहू दे," आत्या म्हणाली. उद्या दुकानात जायच्या आधी गॅरेजला जाऊन काम थांबवते. मिरवणूक गेली खड्ड्यात. आजोबा राहायला हवेत.

१३ फेब्रुवारी

सकाळी घाईघाईनं गॅरेजला गेले. चपला दोन वेगवेगळ्या घातल्या होत्या, ते तिथे पोहोचल्यावर कळलं. लेटलतीफ शिडीवर चढून पान्यानं काहीतरी सोडवत होता. मी फाटकातूनच ओरडले, "थांबा!" तेवढ्यात त्याच्या हातातून एक घंटा निसटून खाली पडली. टण्ण करून आवाज झाला आणि बराच वेळ घुमत राहिला.

"काय झालं, ताई?"

मी त्याला काहीतरी सांगायला गेले होते. काय ते आठवेना. उभी राहिले थोडा वेळ, मग दोघं माझ्या चपलांना हसलो. त्यानं नवा भोंगा वाजवून दाखवला. रुबाबदार आवाज आहे. जुनी घंटा भंगारवाल्याला देऊ का विचारलं, मी म्हटलं द्या.

गाडी तयार! एका साध्या नोकरदार बाईकडे एवढी जुनी गाडी कशी आली असं सचिव विचारत होते. मी सांगितलं, घराबरोबरच मिळाली.

२१ फेब्रुवारी

आत्याची काळजी वाटते. हल्ली सारखी एक मळकट उशी कवटाळून बसते आणि म्हणते, "मला वडील होते." मी म्हटलं, "सगळ्यांनाच असतात, आत्या." तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी स्वयंपाकघरात निघून गेले. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी गोळ्या दिल्या, म्हणाले वयाचं आहे, वाद घालू नका. उशी धुवायला काढली तर किंचाळली. ठेव बाई.

हॉलमधल्या भिंतीवर एका गृहस्थांचा फोटो आहे, बहुधा घराच्या आधीच्या मालकांचा. काढून माळ्यावर टाकणार होते, पण आत्या त्याच्याखालून हलत नाही.

मागची पानं वाचू नयेत असा नियम मला कोणी लावून दिला कोण जाणे. पाळतेय मात्र.

१ मार्च, रविवार

मिरवणूक छान झाली. सचिवांनी प्रमाणपत्र दिलं: "संपूर्ण मूळ स्वरूपातील वाहन." ध्वनिक्षेपकावर मला गाडीचा इतिहास विचारला. मी म्हटलं, "आधीच्या मालकांबद्दल काही माहिती नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाला ते त्यांनाच माहीत.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. चौकाच्या वळणावर फुटपाथला एक म्हातारे गृहस्थ उभे होते. कडक इस्त्रीचा कोट. चष्मा नव्हता. डोळे बारीक करून, मान वाकडी करून प्रत्येक गाडी न्याहाळत होते, डावा डोळा जास्तच बारीक. माझ्या धंद्यात हे लांबूनही कळतं: यांना डाव्या डोळ्यानं जवळजवळ काहीच दिसत नाही. गर्दी इतकी होती की मुंगीला शिरायला जागा नव्हती, पण त्यांच्या शेजारी एक माणूस मावेल एवढी मोकळी जागा होती. कोणीच तिथे पाऊल टाकत नव्हतं.

माझी गाडी समोरून गेली तेव्हा त्यांनी हात वर केला. अर्धाच. मग गाडी नीट दिसली नसावी, किंवा ओळखीची वाटली नसावी, कारण तो तसाच खाली घेतला आणि पुढच्या गाडीकडे पाहायला लागले.

वाटलं, उतरावं आणि सांगावं, काका, दुकानात या, तुमचा चष्मा करून देते. पण मागून भोंगे वाजायला लागले. आरशात पाहिलं तर त्या जागी नुसती गर्दी.



५ मार्च

संध्याकाळी दुकानातून लवकर आले. आत्या फोटोखाली उशी घेऊन बसली होती, मी शेंगा सोलत होते. गाडी शेडमध्ये, किल्ली माझ्या पर्समध्ये. रस्त्यावरून भंगारवाल्याची हातगाडी येत होती. तो नेहमी ओरडतो, आज ओरडला नाही. आज त्यानं हातगाडीला घंटा बांधली होती.

टण्ण.

"हजर," आत्या म्हणाली. मोठ्यानं नाही. शाळेतल्या मुलीसारखी, पाठ ताठ करून.

टण्ण.

मी उभी राहिले होते. मांडीवरच्या शेंगा सगळ्या खाली. आणि माझ्या तोंडून, बेंबीच्या देठापासून, मला न विचारता, "हजर!"

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. पुढे काय होणार ते आत्याला माहीत होतं, तिच्या तोंडावर दिसत होतं. मला माहीत नव्हतं, तरी मी श्वास रोखून धरला होता.

टण्ण.

शेडमध्ये इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं, आणि सुरू झालं.

मी अनवाणी रस्त्यावर धावले. हातगाडीचा दांडा धरला. भंगारवाला घाबरला, "ताई, तुमच्याच मिस्त्रीनं दिलीय ही, चोरीची नाही!" माझं नाक वाहत होतं, डोळे वाहत होते, कोणासाठी ते कळत नव्हतं आणि थांबवतही नव्हते. आत जाऊन पान्यानं गाडीचा नवा भोंगा उपटला आणि त्याच्या हातगाडीत टाकला. घंटा घेऊन आले. इंजिन तोवर बंद झालं होतं, पण बॉनेट गरम होतं. आत्यानंही हात लावून पाहिलं.

चेहरा आठवत नाही. आवाज आठवत नाही. हात कसा होता ते कदाचित कधीच आठवणार नाही, ते जळून गेलं असं आत्या म्हणते, आणि काय जळलं ते सांगत नाही. घंटा मांडीवर घेऊन बसल्यावर इतकंच आलं: डावी काच जाड होती. ती मी घासली होती. घासताना कोणीतरी समोरच्या स्टुलावर बसून म्हणालं होतं, "घाई नको, पेपर कोरा गेला तरी चालेल, चुकीचा नको."

तशीच दुकानात जाऊन ड्रॉवरमधून तो चष्मा आणला. वाकलेली फ्रेम सरळ केली, काचा पुसल्या. आता तो टेबलावर आहे, घंटेशेजारी. मिरवणुकीत दिसलेल्या त्या कोटवाल्या गृहस्थांचं मी आत्याला सांगितलं. ती म्हणते, पुढच्या वर्षी आपण मिरवणुकीत जायचं नाही, फुटपाथवर उभं राहायचं. त्या मोकळ्या जागेत. मी म्हटलं, पुढच्या वर्षापर्यंत थांबवणार नाही माझ्याच्यानं, त्यांना काही दिसत नाहीये. उद्या सकाळी घंटा गाडीला बांधून चौकात जातो आहोत. दोघी.